जागल

आपल्या पोरांपुढं मी पतंगांचा विषय काढला की निम्मे आभाळाकडं पाहतात. संक्रांतीचा पतंग नव्हे बाबांनो. रात्री दिव्याभोवती घिरट्या घालतो तो. शाळेच्या पुस्तकात ज्याला एक ओळ मिळते आणि गाण्या-गझलांत जो दर तिसऱ्या शेरात जळून मरतो, तो. ह्या पतंगांना रात्रभर जागून पकडायचं, ओळखायचं, मोजायचं, वहीत लिहायचं आणि पहाटे सोडून द्यायचं, हा माझा गेल्या अकरा वर्षांचा छंद आहे. छंद हा शब्द मी मुद्दाम लिहितो. आपल्या माणसानं छंद म्हणलं की समोरचा हसतो. आपल्यापुढं दोनच रकाने आखून ठेवलेत, मजुरी आणि मोर्चा. तिसरा रकाना दुसऱ्यांचा.

चळवळीतल्या एका दोस्तानं तर तोंडावर विचारलं, "वस्तीत नळ नाही आन् तू किडे मोजतं?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर देतो. पण आधी किडे.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापसाच्या मुलखातला. आयटीआय वायरमन, कंत्राटावर. कंत्राटी वायरमनला पेन्शन नसते, पण भंगार भरपूर पाहायला मिळतं. रस्त्यावरचे पाऱ्याचे दिवे काढून एलईडी बसवायला लागले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जुन्या दिव्याखाली सकाळी पंखांचा सडा पडलेला असायचा, तो नव्याखाली नाही. पाऱ्याच्या दिव्यात माणसाच्या डोळ्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा उजेड असतो. किड्यांना तो दिसतो. पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतोच. मी भंगारवाल्याकडून सव्वाशे वॅटचा एक दिवा चोकसकट उचलला. पुढं १६० वॅटचा, बिनचोकाचा, सरळ होल्डरमध्ये बसणारा घेतला. दोन बांबू, एक दोरी, आणि मायचं जुनं पांढरं लुगडं. चौदा एप्रिलला नेसायचं ते, विरलं म्हणून तिनं दिलं. देताना म्हणली, "माह्या लुगड्यावर तू कायले किडे बसवतं रे?" पण दिलं.

लुगडं ताणून बांधायचं, पुढं दिवा टांगायचा, आणि बसायचं. ज्या रात्री जागणं शक्य नाही त्या रात्री बादली. बादलीवर पत्र्याचं नरसाळं, नरसाळ्यावर दिवा, आत अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे. पतंग उजेडाकडं येतो, नरसाळ्यातून आत घसरतो, आणि ट्रेच्या खळग्यात गप बसून राहतो. पहाटे एकेक ट्रे उचलायचा, फोटो काढायचा, मोजायचं, आणि झुडपात सोडायचं. ऊन चढायच्या आत. उशीर केला की साळुंक्या टपलेल्याच असतात.

सगळ्यात चांगली रात्र अमावास्येची. चंद्र असला की दिव्याची किंमत उतरते. हवा दमट, वारा पडलेला, जराशी उकड, असं जमलं तर लुगड्यावर पांढरं दिसत नाही. गाव त्या रात्री लिंबं-मिरच्या उतरवून टाकतं आणि दार लावून घेतं. मी वायर ओढत बाहेर निघतो.

पहिल्या तास-दीड तासात बारीकसारीक गर्दी. मग भुंग्यासारखे जोरात येऊन आपटणारे. त्यातला एक हिरवा, संगमरवरावर कोणी शेवाळ सारवावं तसा. त्याची अळी कण्हेरीवर वाढते. कण्हेर विषारी, ढोरंही तोंड लावत नाहीत, पण हिला ती पचते. मध्यरात्रीच्या आसपास मोठे रेशीमपतंग. तसरचा नर तळहाताएवढा, चारी पंखांवर एकेक गोल काचेची खिडकी, आरपार दिसेल अशी, आणि मिशा फणीसारख्या. पूर्व विदर्भात, भंडारा-गडचिरोलीकडं, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक ह्याच्या अळ्या पाळत आले. पाखरं हुसकावत दिवसभर झाडाखाली राखण करायची, तेव्हा कोसा मिळतो. ह्या पतंगाला खायला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्याच्यावर आठवडाभर जगायचं, जोडी करायची, अंडी घालायची, मरायचं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसलो होतो. भूक नावाची गोष्टच नसलेला जीव मी त्याआधी पाहिला नव्हता.

आणि एक कवटीवाला. पाठीवर पिवळट कवटीचं चित्र. बोटानं हलवला तर चक्क चिरकतो, उंदरासारखा. आमच्या वस्तीत पहिल्यांदा तो आला तेव्हा दोन पोरं रडत घरी पळाली आणि एका म्हातारीनं मला सांगितलं, दिवा विझव, मेलेलं माणूस आलंय. आपली म्हातारी, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली. भीती अशी सहजासहजी सुटत नाही, तिला हातात धरून दाखवावं लागतं. मी पतंग तिच्या पदरावर बसवला. सांगितलं, ह्याची अळी तुमच्या तिळाच्या वावरात वाढते, हा मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो, आणि हा आवाज तो सोंडेतून हवा फुंकून काढतो. म्हातारी म्हणली, "चोट्टा हाये म्हना की." आता तीच पोरांना बोलावून दाखवते.

भारतात पतंगांच्या दहा हजारांवर जाती नोंदल्या गेल्यात. फुलपाखरांच्या कितीतरी पट. माझ्या वहीत आजपर्यंत नाव लावता आलेले २१४ आहेत. बिननावाचे त्याहून जास्त. बिननावाच्याला मी नंबर देतो, टाकून देत नाही.

आता दिव्याबद्दल. शायर म्हणतो पतंग दिव्यावर आशिक आहे. कीर्तनकार म्हणतो पतंगानं ज्योतीवर देह टाकला तसा भक्तानं टाकावा. दोघांचाही पतंग आपल्या मर्जीनं मरतो. मी अकरा वर्षं बसून पाहतो, एकही मरायला आलेला मला दिसला नाही. येतो, गोल फिरतो, उलटा होतो, आपटतो, थकून बसतो. २०२४ साली एका अभ्यासात वेगवान कॅमेरे लावून हे तपासलं गेलं. उडताना किडा पाठ उजेडाकडं ठेवतो. का, तर कोट्यवधी वर्षं रात्री जास्त उजेडाची बाजू म्हणजे आभाळ. पाठ आभाळाकडं असली की आपण सरळ उडतोय हे त्याला कळतं. मग माणसानं दिवा लावला. खोटं आभाळ, तेही बाजूला नाहीतर खाली. बिचारा पाठ तिकडं करत राहतो आणि त्याच चक्करमध्ये अडकतो. त्यात ना प्रेम आहे, ना भक्ती, ना आत्मसमर्पण. त्याची दिशा चोरली गेलेली आहे, एवढंच. आणि आपण त्याच्या मरणाची आरती लिहून मोकळे झालो.

रात्रीचं म्हणाल तर रात्र आमच्या घरात जुनी आहे. माझा आबाजी गावाचा जागल्या होता. महाराच्या कामांत रात्रीची राखण आलीच. गावात कोण शिरलं, कोण निघून गेलं, कोणाचं ढोर सुटलं, कोण जन्मलं, कोण मेलं. थंडीत शेकोटीजवळही नीट बसायचं नाही, हाक आली की उठायचं. मोबदला म्हणजे दारोदारची शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं, ते ह्याच वेठीविरुद्ध. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, कायदा वेगळा, पण जागल तीच. आबाजीला सगळ्या गावाची रात्र तोंडपाठ होती. पण तो सांगायचा आणि लिहायचा दुसरा. जन्म-मरणाच्या वहीत अंगठासुद्धा त्याचा नव्हता. वही दुसऱ्याची, अक्षर दुसऱ्याचं, आणि चूक निघाली तर मार आबाजीला.

म्हणून माझी वही मला प्यारी आहे. शाळेची शंभर पानी वही. तारीख, वेळ, जागा, दिवा कोणता, हवा कशी, जात कोणती, नग किती. ही 'जात' लिहिताना पहिल्यांदा हात थांबला होता. आता 'प्रजाती' लिहितो. ह्या रकान्यात तरी तो शब्द नको.

पण रात्र अजून सगळ्यांची सारखी नाही. शहरातली हौशी मंडळी कॅमेरे गळ्यात अडकवून रात्रीची रानात जातात, त्यांना कोणी अडवलं तर 'साहेब, जरा जपून, साप असतो' म्हणतात. मी धुऱ्यावर लुगडं बांधलं की बॅटरीचा झोत तोंडावर येतो. "कोन हाये बे? कोनाचा पोट्टा?" कोणाचा ह्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. एकदा माझ्यावर करणीचा आळ घेतला. पांढरं कापड, अमावास्या, दिवा, आणि वस्तीतला माणूस. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, तो मला तोंडपाठ आहे, पण रात्री दोन वाजता सात माणसं काठ्या घेऊन उभी असतील तर कलम वाचून दाखवता येत नाही. मी त्यांना वही दाखवली. एकानं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणला, "ह्याच्यात तं नुस्ते आकडे हायेत." आकडे पाहून त्यांचा जोर उतरला. तेव्हापासून मी एकटा जात नाही, वस्तीतली दोन पोरं संगं नेतो.

आपल्याकडचं निसर्गलेखन मी वाचतो. त्यात झाडं असतात, पाखरं असतात, चांदणं असतं. मोळीवाली नसते. असलीच तर चित्रातल्यासारखी, नाव नसलेली. इंग्रजांच्या काळातली पुस्तकंही फोनवर वाचली. हॅम्प्सन नावाचा, निलगिरीत चहाचे मळे केलेला साहेब. त्यानं १८९२ ते १८९६ मध्ये हिंदुस्थानातल्या पतंगांचे चार जाडजूड खंड लिहिले. अफाट काम. माझी निम्मी नावं त्याच्यावरून लागली, ऋण मानतो. पण पानोपानी नावं साहेबांची. कंदील कोणी धरला, रात्री जाळीमागं कोण धावलं, ते नाव मला त्या पानांत सापडलं नाही. आणि रात्री जागायला लावायचं म्हणलं तर हा देश कोणाला जागवतो हे आपल्याला माहीत आहे.

आता त्या दोस्ताच्या प्रश्नाकडं येतो.

माझ्या वहीत एक नाव दर वर्षी येतं. दिसायला काहीच नाही. नखाएवढा, मातकट, पंखांच्या कडेला झालर. लुगड्यावर बसला तर धुळीचा डाग वाटेल. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. म्हणजे आपली गुलाबी बोंडअळी, पंख फुटल्यावर. नाव विलायतेत पडलं, सॉन्डर्स नावाच्या माणसानं दिलं, पण नमुने १८४२ साली भडोचच्या सरकारी कापूस मळ्यातून गेलेले. ही आपल्या मुलखाची जुनी ओळखीची. मादी कळीवर, बोंडावर अंडी घालते. अळी निघाली की थोड्या वेळात आत शिरते, भोक बुजतं, मग वरून कितीही विष मारा, तिला लागत नाही. फूल उमलायच्या आत गुरफटतं, त्याला आपण डोमकळी म्हणतो. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ ला दोन जनुकांचा आला. अळी मेली, फवारणी संपली, असं सांगितलं. गुजरातेत २००९-१० पासून पहिलं बीटी तिला पचायला लागलं, मग दुसरंही.

कापूस संपल्यावर ती कुठं राहते? सडक्या बोंडात, सरकीत, पऱ्हाटीच्या ढिगात. पऱ्हाटी कुठं असते? आपल्या दारात. आपल्या आया-बहिणी डोक्यावर वाहून आणतात, चुलीला. मे महिन्यात माझ्या लुगड्यावर जे पतंग येतात ते वस्तीतल्या ह्याच ढिगांतून. अजून शेतात पऱ्हाटी लागलेली नसते, ते अंडी न घालताच मरून जातात. इंग्रजी पुस्तकात ह्याला आत्मघाती निघणं म्हणतात. पाऊस फसवा, ऊब फसवी, शेत रिकामं, आणि आत्मघात त्याचा! यवतमाळच्या माणसाला हा शब्द वाचून पुढं वाचवत नाही.

२०१७ साल आठवा. जुलै ते ऑक्टोबर. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा तोंडावर येत होता. औषध मारता मारता माणसं पडली. विषाला आपण औषध म्हणतो हेही लक्षात घ्या. जिल्ह्यात वीसहून जास्त मेले, शेकडो दवाखान्यात. बहुतेक दुसऱ्याच्या वावरात रोजानं गेलेले मजूर. माझा मामेभाऊ त्यातलाच एक. तीन औषधं एका पंपात कालवून दिली होती. संध्याकाळी म्हणाला, "दादा, दिवे गेले काय?" दिवे चालू होते. तीन दिवस त्याला काही दिसलं नाही. वाचला. उजवा डोळा अजून अंधूक आहे. मालक भेटायला आला नाही. आणि बाहेर चर्चा काय, तर मजूर काळजी घेत नाहीत, तोंडाला रुमाल बांधत नाहीत.

त्याच्या खाटेजवळ बसून मी वहीची पानं उलटत होतो. त्याला ज्या आठवड्यात फवारायला पाठवलं, त्या आठवड्यात त्या वावराच्या धुऱ्यावर मी दोन रात्री बसलो होतो. बोंडअळीचे पतंग एका रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन. आणि फवारणी बोंडअळीसाठीच करायला लावली होती.

फवारायचं कधी हे मालक ठरवतो, मालकाला कृषी केंद्रवाला सांगतो, आणि कृषी केंद्रवाल्याचा धंदाच विकायचा आहे. ह्या साखळीत मोजणारा कोणीच नाही. आणि मोजायची रीत काही गुप्त नाही. कामगंध सापळे लावायचे, एकरी दोन. आत मादीच्या वासाची गोळी, त्या वासाला नर येतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग पडले तर फवारणीचा विचार करायचा. नाहीतर वीस बोंडं तोडून फोडायची, दोनात अळी निघाली तर. नागपूरची कापूस संशोधन संस्था हेच सांगते, सरकारी पत्रकात छापलेलं असतं. पत्रक पंचायतीच्या भिंतीवर असतं. वाचून मोजायला रात्री वावरात जायचं कोणी?

जागल्याच्या नातवानं.

२०१९ पासून आम्ही मोजतो. मी, मामेभाऊ, आणि वस्तीतल्या तीन पोरी, दोन नववीच्या, एक बारावीची. ज्या सहा मालकांकडं वस्तीची माणसं पंप उचलतात त्यांच्या वावरात सापळे. पहिल्या वर्षी सापळे आम्हीच वर्गणी काढून घेतले. मी आकडे घेऊन एका पाटलाकडं गेलो. तो खाटेवर, मी उभा.

"पाटील, तीन रात्रीत मिळून पाच पतंग हायेत. आत्ता फवारायची गरज नाही."

"वही घेऊन आला म्हंजे कृषी अधिकारी झाला काय बे तू?"

"माह्यं ऐकू नका. सापळा तुमच्याच वावरात हाये. पोराले पाठवा, मोजून घ्या."

त्यानं पोराला पाठवलं नाही. फवारणी केली. दुसऱ्या वर्षीही केली. तिसऱ्या वर्षी औषधाचे भाव चढले तेव्हा त्याच्या पोरानं गुपचूप येऊन विचारलं, "यंदा किती पडले?" पैशाची भाषा लवकर कळते. आता सहापैकी तिघं आमचा आकडा विचारल्याशिवाय औषध आणत नाहीत. फरदड ठेवू नका, डिसेंबरात पऱ्हाटी उपटा, हे मात्र अजून एकच जण ऐकतो. आणि चुलीसाठी आणलेले ढीग पावसाळ्याआधी जाळून संपवा हे आम्ही आपल्या वस्तीला सांगतो. तिथंही भांडण होतं, कारण गॅस भरायला पैसे नाहीत.

जगभर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पतंगांचा आठवडा पाळतात, २०१२ पासून. आमच्याकडं तेव्हा हिरव्या वावरांत फवारणीचे पंप निघायला लागतात. आम्ही त्या आठवड्यात बुद्धविहाराच्या मागं लुगडं बांधतो. पोरं येतात, चहा होतो. बारावीची पोरगी आता माझ्यापेक्षा जास्त ओळखते. ती म्हणते, मला हेच शिकायचंय, किड्यांचं. कुठल्या कॉलेजात, फी किती, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर कळवा, संपादकांच्या पत्त्यावर.

गेल्या ऑक्टोबरात आकडा खरंच चढला. तीन रात्री नऊ, बारा, अकरा. सापळ्यासमोर मामेभाऊ बॅटरी धरून उभा होता, एका डोळ्यानं मोजत. आकडा लपवायचा प्रश्नच नव्हता. सकाळी सगळ्या मालकांना सांगितलं, आता फवारा. आणि त्याच दिवशी वस्तीनं बसून ठरवलं की हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क दिल्याशिवाय, आणि डब्यावरची चिठ्ठी आमच्यापैकी एकानं वाचल्याशिवाय पंप उचलायचा नाही. एका पंपात एकच औषध. दुपारी वाऱ्यात फवारणी नाही.

चौघांनी सामान आणून दिलं. दोघांनी शेजारच्या गावातून मजूर आणले. त्या गावात आम्ही पुढच्या अमावास्येला गेलो, लुगडं आणि वही घेऊन.